गुरुवारी मऊ, सोमवारी टणक

१

माझी गाडी बदलली होती. नंबर तोच, रंग तोच, डाव्या आरशावरचा ओरखडासुद्धा तोच. पण गुरुवारी मी निवडली ती गाडी ही नव्हती. धारूरच्या बसस्टँडपासून पुढच्या चढापर्यंत, म्हणजे अर्ध्या किलोमीटरात मला हे कळलं. आणि मला कळायच्या आधी माझ्या बायकोच्या पाठीला कळलं.

"अहो, थांबवा," मागून शिवकांता म्हणाली.

"खड्डा होता बारका."

"खड्डा कसला, नुसती खडी होती. उतरवा मला."

उतरून ती पुलाच्या कठड्याला टेकली. तिच्या अंगावर आमच्या सुनेचा, कावेरीचा पंजाबी ड्रेस होता. दोन्हीकडं पाय टाकून बसता यावं म्हणून अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा तिनं तो घातला होता आणि भर बाजारातून मान वर करून माझ्यामागं बसून आली होती. आता त्याच ओढणीनं डोळे पुसत होती.

"ही ती गाडीच न्हाई," मी म्हणालो.

"गाडीला काय बोलता? माझी पाठच गेली," ती म्हणाली. "साखराबाईला फोन लावा. म्हणावं, न्हाई जमत."

ही साखराबाई कोण, ते आधी सांगतो. मागच्या वर्षी शिवकांताच्या मणक्याचं ऑपरेशन अंबाजोगाईला झालं. सहा आठवडे खाटेवर. बायकांच्या वॉर्डात मला रात्री थांबता येईना, आणि कावेरीचे दिवस भरत आलेले. शेजारच्या खाटेवर साखराबाईची सून होती. त्या बाईनं आपल्या सुनेबरोबर माझ्या बायकोचंही केलं. दर दोन तासांनी कूस बदलून दिली, वेणी घातली, घास भरवला. जाताना मी तिच्या हातात पाकीट कोंबायला गेलो तर कडाडली, "लेकराची कूस बदलणाऱ्या आईला मजुरी देत्यात का, आप्पा?" मी पाकीट परत खिशात घातलं.

तेव्हापासून शिवकांताचा एकच ध्यास. आपल्या पायांनी साखराबाईच्या दारात उभं राहायचं. बाई नारायणगडाच्या पायथ्याच्या एका वस्तीवर राहते, आमच्यापासून ऐंशी किलोमीटर. पण ती ऊसतोडीला जाणारी. बुधवारी सकाळी त्यांचा ट्रक सुटणार होता, मग थेट सहा महिन्यांनी परत. आणि ह्या वयात, त्या उसाच्या फडातून कोण कधी परत येईल, कुणी सांगावं?

बस आणि चारचाकी शिवकांताला चालत नाही. दहा मिनिटांत उलटी होते आणि उलटीच्या उमाळ्यानं पाठ धरते. डॉक्टर म्हणाले होते, दुचाकीवर बसा, पण दणका नको. म्हणून ही जुनी मोटारसायकल. आज सोमवार, हाताशी फक्त मंगळवार उरला होता.

मी गाडी ढकलत, ती विकणाऱ्या परमेश्वरच्या शेडात आणली आणि अख्खा बसस्टँड गोळा होईल असा आवाज लावला. माझं नाव गुंडप्पा, चाळीस वर्षं किराणा विकला, आता मुलगा वीरेश दुकान बघतो. माझी जीभ तिखट आहे असं गाव म्हणतं, आणि गाव खोटं बोलत नाही.

परमेश्वरनं गाडीचे कागद काढले. मी रुमालानं सांगाड्यावरचा नंबर पुसला, चष्मा लावला आणि एकेक आकडा ताडून पाहिला.

सगळे जुळले. गाडी तीच होती.

२

मी बंकटला बोलावणं धाडलं.

बंकट धनगर. माझा शाळूसोबती. शाळा त्यानं तिसरीत सोडली, मी सातवीत. बैल घ्यायचा, मेंढरं घ्यायची, तर दहा गावचे लोक त्याला धरून बाजारात नेतात. मोटारसायकल त्याला चालवतासुद्धा येत नाही. तरी गुरुवारी गाडी निवडायला मी त्यालाच नेलं होतं, कारण परमेश्वर रंग दाखवतो, आणि बंकट रंगाकडं बघत नाही.

"चालणारं काहीबी असू दे," तो म्हणाला होता, "त्याला चालताना मागून बघायचं."

शेडात अकरा गाड्या होत्या. एक लालभडक मला फार आवडली. बंकट म्हणाला, "हिची सीट पुढं उतरती हाय. ब्रेक दाबला की वैनी तुझ्या पाठीवर. दर ब्रेकला मणक्याला हिसका." दुसरीचे मागचे पाय ठेवायचे पायटे इतके वर, की माणूस उकिडवं बसल्यासारखं. तिसरीचा सायलेन्सर पोटरीला भाजेल असा. चौथी काळी, जुनी, दिसायला म्हसरासारखी. पण सीट लांब आणि सपाट, मागं टेकायला पाठ, पायटे खाली. इंजिन काही मोठं नव्हतं, पण खोकत नव्हतं. बंकटनं शिवकांताला बसवलं, मला किल्ल्याकडं फेरी मारायला लावली आणि स्वतः रस्त्यात उभा राहून बघत बसला.

परत आलो तेव्हा शिवकांता हसत होती. वर्षभरात अशी हसली नव्हती. "हिच्यावर मी काशीला येते," म्हणाली. सौदा तिथंच ठरला.

पण आमच्या घरात नवी वस्तू येते ती सोमवारी, महादेवाच्या वारी. माझ्या आज्जापासूनची रीत. म्हणून गाडी चार दिवस परमेश्वरच्या शेडात राहिली, आणि ह्याच चार दिवसांत काहीतरी घडलं.

त्या शेडाशी तिघांचा संबंध. एक परमेश्वर, गाड्या विकणारा. दुसरा गहिनीनाथ, शेजारच्या टपरीतला मेकॅनिक. तिसरा आसाराम, समोर सीट शिवणारा. ह्या आसारामलाही तीच काळी गाडी हवी होती. गुरुवारी मला म्हणालाच होता, "आप्पा, न्हाई पटली तर सांगा, मी घेतो."

माझ्या डोक्यात आसाराम पक्का बसला होता.

३

बंकट दुपारी आला. काठी भिंतीला लावली आणि आधी शिवकांतापाशी जाऊन बसला.

"वैनी, दुखायला लागलं कधी?"

"पहिल्या दणक्याला."

"त्याच्या आधी काय न्हाई?"

ती आठवत म्हणाली, "चढतानाच वेगळं वाटलं. गुरुवारी पाय टाकला आन बसले. आज ह्यांचा खांदा धरून टाचा उचलाव्या लागल्या. मला वाटलं, माझेच पाय आखडले."

"आखडले असतील," मी म्हणालो.

"तू गप बे," बंकट म्हणाला. "बाई दुखणं सांगती, तू औषध काहून सांगतो?"

मग तो परमेश्वरकडं वळला. परमेश्वर पन्नाशीचा, गोड बोलणारा. आज मात्र तुटक बोलत होता. "बंकटमामा, चार दिवस गाडी हिथंच हुती. कुणाला दिली न्हाई, कुणी नेली न्हाई. मी फकस्त पुसली." बोलताना तो गाडीच्या चाकाकडं बघत होता.

गहिनीनाथ हात पुसत आला. "ऑइल बघितलं. बाकी मी कशाला हात लावू?" तोही आमच्याकडं बघेना. वाकून गाडीच्या मागच्या शॉकअपकडं बघत राहिला. कान लालबुंद.

आसारामनं शिलाई मशीनवरून मान वर केली नाही. "माझा काय संबंध? गाडी त्यांची, शेड त्यांचं."

"तुझी नजर हुती न्हवं गाडीवर?" मी ओरडलो. "खराब केली की मी सोडीन, मग तुला मिळंल! एका बाईच्या पाठीशी खेळतो?"

आसारामनं मशीन थांबवलं. एकवार सीटकडं बघितलं, एकवार शिवकांताकडं, आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पकडला गेला म्हणून रडतोय, असं मी मनाशी म्हणालो. लाज वाटते आता ते आठवून.

बंकटनं मला दंडाला धरून बाजूला नेलं.

"तिघंबी खोटं बोलत्यात," तो हळूच म्हणाला.

"तिघं मिळून?"

"मिळून न्हाई. तीच तर गंमत हाय. ह्याला त्याचं ठाऊक न्हाई आन त्याला ह्याचं."

४

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"दावं कापून म्हैस नेणारा बाजारात म्हशीकडं बघत न्हाई, आप्पा. त्याची नजर दाव्यावर जाती. परमेश्वर चाकाकडं बघत हुता, गहिनी शॉकअपकडं, आसाराम सीटकडं. तीन माणसं, तीन जागा. चल, तिन्ही बघू."

त्यानं मला शेडासमोरच्या फुफाट्यातून गाडी चालवायला लावली. मग तशाच चाकांची दुसरी एक गाडी तिच्याशेजारून. आणि दोन्ही चाकोऱ्यांपुढं उकिडवा बसला. जो माणूस कुठल्या मेंढीचा खूर दुखतोय ते तिच्या पावलावरून सांगतो, त्याला हे किती अवघड? दुसऱ्या गाडीची चाकोरी चांगली तीन बोटं रुंद. माझ्या गाडीची जेमतेम दीड.

"हिची टायरं तट्ट फुगलीत. नुसत्या मधल्या रेघेवर चालती."

मग तो गाडीमागं आडवा झाला. दोन्ही शॉकअपच्या बुडाशी खाचांचं एक कडं असतं. ते फिरवलं की स्प्रिंग मऊ किंवा टणक होते. इतकं मलाही ठाऊक होतं. कडं शेवटच्या खाचेवर होतं. भोवतीचा मातीचा थर फुटलेला, खालचं लोखंड ताजं चकाकत होतं.

"म्हणून वैनीला टाचा उचलाव्या लागल्या," बंकट म्हणाला. "गुरुवारी तू बसलास की गाडी मागून दबायची. आज तुझं एवढं वजन पडूनबी दबत न्हाई. मागची बाजू वरच राहती."

राहता राहिली सीट. मेंढीची कंबर भरली का ते बघायला अंगठ्यानं दाबतात, तशी त्यानं ती दाबली. पुढं अंगठा बुडाला, मागं शिवकांताच्या जागेवर बुडेना. सीट उचलून खाली बघितलं तर रेक्झिन ठोकायच्या पिना निम्म्या गंजलेल्या, निम्म्या कोऱ्या करकरीत.

माझं डोकं तापलं. "म्हणजे तिघांनीबी वाट लावली! आत्ता पोलिसात—"

"बस खाली. आन मला सांग, तुझ्या गाडीतलं गेलं काय?"

मी मोजलं. आरसे होते, हॉर्न होता, हत्यारांची पिशवीसुद्धा होती. "काय न्हाई गेलं."

"काय आलं?"

मला कळेना.

"हवा आली. स्प्रिंगला जोर आला. सीटमदी भर आली," बंकट एकेक बोट दुमडत म्हणाला. "वाईट करणारा हवा सोडतो, आप्पा, भरत न्हाई. कडं फिरवायला घाम निघतो. सीट उचकटून, भरून, पुन्हा ठोकायला तास जातो. कुणी दुस्मानासाठी एवढी मेहनत घेतो? हे चोराचं काम न्हाई. हे देणाऱ्याचं काम हाय."

"मग चोरून काहून देतील?"

बंकट माझ्याजवळ सरकला. तो रागावतो तेव्हा आवाज चढवत नाही, उलट उतरवतो.

"कारण तुला सरळ देता येत न्हाई. परवा माझ्या बायकूनं तुझ्याकडं दूध धाडलं, तू भांड्यात साखर भरून लगेच परत धाडलं. पोरानं तुझी पिशवी उचलली, तू त्याला पेढा दिला. कुणाचा चहा तू घेत न्हाईस. उपकार तुझ्या अंगाला खाजकुयलीवानी लागतो. तुला काय द्यायचं, तर माणसाला चोरावानीच यावं लागतं."

मला त्याचं बोलणं झोंबलं. आणि झोंबलं याचा अर्थ खरं होतं.

५

बंकटनं तिघांना गाडीभोवती बोलावलं. शिवकांताला खुर्ची दिली. "आता खोटं बोलू नका. आप्पा वरडणार न्हाई. वरडला तर मी हाय."

परमेश्वर आधी बोलला. त्याची आई दोन वर्षं अंथरुणावर होती. शिवकांता रोज संध्याकाळी जाऊन तिला पोथी वाचून दाखवायची. "काकू लांब चालल्यात म्हणून मी हवा जरा जास्तच भरली, आप्पा. लांबच्या पल्ल्याला टायर टाईट लागतं, असं मी ऐकलंय. सांगितलं असतं तर तुमी पंपाचं भाडं हातावर ठेवलं असतं."

गहिनीनाथ मान खाली घालून म्हणाला, "माझी बायकू उज्ज्वला बाळंतपणात अडली तवा काकूच संगं अंबाजोगाईला आल्या. माझी लेक पयल्यांदा काकूंच्या मांडीवर रडली. आपल्याकडं गाडीवर दोनच माणसं कधी बसत्यात का? दोन पोरं, वर पेंडीचं पोतं. मी येईल त्या गाडीचं कडं शेवटच्या खाचेवरच लावतो. म्हणलं, काकूंची गाडी खाली टेकाया नको."

मग शिवकांतानंच विचारलं, "आसाराम, तुजं काय, बाबा?"

"मऊ सीटमदी माणूस रुततं, काकू. तासाभरानं कंबर धरती. म्हणून म्या मागं कडक फोम भरला. मणक्याचं दुखणं मला ठावं न्हाई. मला वाटलं, आधार हुईल." मग तो माझ्याकडं वळला. "आप्पा, टाळेबंदीत चार महिने माझं मशीन बंद हुतं. दर आमुशेला दारात पीठ, डाळ, तेल. कोण ठेवतंय ते म्या शोधलंच न्हाई. एकदा सकाळी पोत्याची गाठ बघितली. तशी गाठ धारुरात एकच माणूस मारतो."

शिवकांतानं माझ्याकडं बघितलं. तिलाही मी कधी सांगितलं नव्हतं.

"घ्या," बंकट म्हणाला. "आता कळलं का, चोरून द्यायची सवय ह्या बाजाराला कुणी लावली? चौथा गुन्हेगार हाच."

तिघांची माया एकेक पाहिली तर सोसली असती. नुसती हवा जास्त, चाललं असतं. नुसतं कडं घट्ट, तेही चाललं असतं. तिन्ही एकावर एक बसली आणि बिचारीच्या मणक्याला लोखंडाचा पाट मिळाला. आपण काय केलंय हे ज्याचं त्याला ठाऊक. आपल्या चांगल्या कामानं कुणी दुखावेल असं करताना एकाच्याही मनात आलं नव्हतं. आता आपलंच काम बाधलं की काय, ह्या धास्तीनं तिघं ते लपवत होते.

मी आसारामपुढं उभा राहिलो. माफी मागायची मला सवय नाही. "चुकलो बाबा," एवढंच म्हणालो. तो म्हणाला, "चहा घेता का?" मी घेतला. पैसे काढायला हात खिशाकडं गेला, बंकटनं नुसतं बघितलं, हात परत आला.

मग परमेश्वरनं हवा सोडली, गहिनीनाथनं शिवकांताला बसवून बसवून कडं दुसऱ्या खाचेवर आणलं, आसारामनं कडक फोम काढून जुना मऊ फोम परत घातला. मी हँडल धरलं, शिवकांतानं पाय टाकला आणि टाचा न उचलता बसली. त्याच चढावर गेलो. त्याच खडीवरून गेलो.

"अहो," मागून आवाज आला, "माझी पाठ आहे जागेवर."

भर रस्त्यात माझे डोळे भरून आले. हेल्मेटच्या काचेआड कुणाला दिसलं नाही, हे बरं झालं.

मंगळवारी उजाडताच निघालो. दर वीस किलोमीटरला थांबून तिनं पाय मोकळे केले. वाटेत एकदाही हुं का चूं केलं नाही. उलट मलाच म्हणाली, "सरळ बसा, पाठ दुखंल तुमची." वस्तीवर पोचलो तर दारात ट्रक उभा. बुधवारचा ट्रक मंगळवारीच आला होता. भांडी, कोंबड्या, सरपण, सगळं वर चढलेलं. साखराबाईचा नवरा टपावर बसलेला आणि ती एक पाय फळीवर ठेवून चढतच होती.

"साखराबाई!" शिवकांतानं हाक मारली आणि गाडीवरून उतरून चालत गेली. आधाराशिवाय, ताठ.

साखराबाई खाली उतरली. बोलली नाही. आधी तिनं शिवकांताला पाठमोरं केलं आणि मानेपासून कंबरेपर्यंत हात फिरवला, एकेक मणका मोजावा तसा. "भरलं गं," म्हणाली, "समदं भरलं." मग दोघी गळ्यात पडून रडल्या. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

"सवाशीण पयल्यांदा दारात आली, रिकामी कशी धाडू?" साखराबाई म्हणाली. घराला कुलूप लागलं होतं. तिनं नवऱ्याला वरून गव्हाचं पोतं खाली टाकायला लावलं, सहा महिन्यांच्या शिध्याचं, तोंड शिवलेलं. दातांनी सुतळी तोडली. शिवकांतानं पदर नाही म्हणून ओढणी पसरली.

एक ओंजळ पडली. दुसरी पडली. फडातले सहा महिने, चार तोंडं आणि एवढंच पोतं. माझ्या जिभेवर आलं होतं, 'राहू द्या, वहिनी, तुमालाच लागंल.'

ते मी गिळलं. पुढं झालो आणि शिवकांताच्या ओढणीचं टोक हातात धरलं.

"वहिनी," मी म्हणालो, "अजून एक घाला. मला बी पाहिजेत."